गाईडेड ट्रेकचा कार्बन फूटप्रिंट: मोजणी बुकिंगच्या आधी, ऑफसेट सगळ्यात शेवटी

आठ-दहा दिवसांच्या गाईडेड ट्रेकचा कार्बन हिशोब, म्हणजे त्या ट्रिपमुळे कार्बन डायऑक्साइडसारखे किती वायू हवेत गेले याची मोजणी, म्हटलं की बहुतेक वेळा असं होतं की ट्रिप संपते, कोणीतरी ऑनलाईन कॅल्क्युलेटरमध्ये दोन-चार आकडे टाकतं, जे उत्तर येईल तेवढे कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी तेवढं उत्सर्जन कमी झाल्याची प्रमाणपत्रं, विकत घेतले जातात (यालाच ऑफसेट म्हणतात) आणि विषय मिटला. पण तोवर विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, जीप ठरलेल्या असतात, दिवस ठरलेले असतात, म्हणजे बदलता येईल असं हातात काहीच उरलेलं नसतं. हे वरातीमागून घोडं आहे. हा हिशोब करायची खरी वेळ म्हणजे मार्ग आणि तारखा अजून कच्च्या असतात तेव्हा, कारण तेव्हा हिशोबाच्या शीटमधला एक आकडा बदलला की अख्खी ट्रिप बदलू शकते, नंतर फक्त पावती मिळते.

खालची पद्धत मुख्यतः ट्रेक आखणाऱ्यांसाठी आहे, लीडर असतील, छोट्या कंपन्या असतील, क्लब असतील. पण पाहुणा म्हणून जाणाऱ्यालाही ती तशीच्या तशी वापरता येईल, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांनी हे प्रश्न विचारायला लागल्याशिवाय बरेच आयोजक या वाटेला जाणार नाहीत, म्हणून तुम्ही पाहुणे असाल तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी ठरवा की मोजायचं कुठून कुठपर्यंत

सगळी गडबड इथेच होते. "आमचा ट्रेक कार्बन न्यूट्रल आहे", म्हणजे जेवढं उत्सर्जन झालं तेवढं सगळं भरून काढलं, असं लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात वाचलं तर कळतं की हिशोब ट्रेक सुरू होतो त्या गावापासून ट्रेक संपतो त्या गावापर्यंतचाच आहे, पाहुणा तिथपर्यंत विमानाने आला ते धरलेलंच नाही. आता ज्या ट्रेकला लोक विमानाने येतात तिथे सगळ्यात मोठा वाटा त्या विमानाचाच असतो, तो सोडून बाकीचं मोजलं तर ते आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं झालं.

म्हणून सीमा एकच ठेवा: पाहुण्याच्या घराच्या दारापासून परत त्याच दारापर्यंत. यात त्याचा येण्याजाण्याचा प्रवास, तिथला रस्त्यावरचा प्रवास, मुक्काम, स्वयंपाकाचं इंधन, जेवण, सामान वाहणारी जनावरं, आणि हो, गाईड, कुक, पोर्टर, ड्रायव्हर या सगळ्यांचा प्रवास आणि जेवणखाणही आलं. ही माणसं त्या ट्रिपसाठीच आलेली असतात, त्यामुळे त्यांचा आकडा पाहुण्यांवर वाटून टाकायचा. ते तिथल्याच गावातले असतील तर आकडा अगदी छोटा येतो, आणि लीडर लांबून विमानाने आणला असेल तर तो लगेच दिसतो. दिसायलाच हवा.

सामानाचं काय, असं नेहमी विचारतात. नवीन बूट, जॅकेट, तंबू बनवताना जे उत्सर्जन झालं त्याचा वाटा वापराच्या दिवसांवर वाटायचा. २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी रनिंग शूजच्या एका जोडीचा हिशोब केला होता तो साधारण १४ किलो उत्सर्जनाचा आला, आणि त्यातला बहुतांश भाग कारखान्यात बनवतानाचा होता. बूट अनेक ट्रेक चालला तर एका ट्रेकच्या वाट्याला अगदी थोडं येतं, आणि एका ट्रेकसाठी सगळं नवीन घेतलं तर बरंच येतं. मी याला शीटमध्ये वेगळी ओळ देत नाही, पण पाहुण्यांना जी सामानाची यादी पाठवतो त्यात भाड्याने किंवा मागून आणा असं स्पष्ट लिहितो.

गणित एवढंच आहे

किती वापरलं, गुणिले त्या वस्तूचा इमिशन फॅक्टर, म्हणजे तिच्या एका लिटरमागे, किलोमीटरमागे किंवा रात्रीमागे किती उत्सर्जन होतं तो आकडा. किती लिटर, किती किलोमीटर, किती रात्री, हे आपण लिहायचं, आणि फॅक्टर विश्वासाच्या ठिकाणाहून घ्यायचे. ब्रिटिश सरकार दरवर्षी कन्व्हर्जन फॅक्टरची एक मोठी एक्सेल शीट फुकट प्रसिद्ध करतं, विमान, रेल्वे, बस, गाडी, हॉटेलच्या रात्री, इंधन, सगळं त्यात आहे, आणि ब्रिटनबाहेरही अनेक जण तीच वापरतात. रेल्वे आणि विजेचे आकडे मात्र शक्यतो त्या त्या देशाचे घ्या कारण तिथली वीज कोळशाची आहे की पाण्याची यावर ते पूर्ण बदलतात. कुठल्या वर्षाचा फॅक्टर घेतला ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा, पुढच्या वर्षी आकडा का बदलला हे शोधत बसावं लागत नाही.

युनिट सगळीकडे एकच, किलोग्रॅम सीओटू-ई. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्यातला ई म्हणजे मिथेनसारखे बाकीचे वायूसुद्धा सीओटूच्या भाषेत बदलून धरलेत. १०० वर्षांचा काळ धरला तर एक किलो मिथेन म्हणजे साधारण २८ किलो सीओटू.

विमान: इथे घाई करू नका

विमानाचं एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो सीओटू तयार होतो, हे रसायनशास्त्र आहे, यात वाद नाही. वाद पुढे आहे. तेवढ्या उंचीवर विमान फक्त सीओटू सोडत नाही, नायट्रोजन ऑक्साइड सोडतं, पाण्याची वाफ सोडतं, मागे जे पांढरे पट्टे राहतात त्यांचे पातळ ढग होतात आणि ते उष्णता अडवतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं निघालं की विमान वाहतुकीमुळे होणाऱ्या एकूण तापमानवाढीच्या परिणामात सुमारे दोन तृतीयांश वाटा या सीओटू सोडून बाकीच्या गोष्टींचा आहे. अनिश्चितता मोठी आहे हे खरं, पण अनिश्चित आहे म्हणून शून्य धरायचं हे मला पटत नाही. ब्रिटिश शीटमध्ये यासाठी सीओटूला १.७ ने गुणलेलं असतं, मीही तेच धरतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की कॅल्क्युलेटर वापरताना तो नक्की काय देतोय ते बघा. आयसीएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था, तिचा कॅल्क्युलेटर चांगला आहे पण तो फक्त सीओटू देतो, म्हणजे त्याच्या उत्तराला १.७ ने गुणायचं. आणि एखाद्या ठिकाणी आधीच गुणलेलं असेल तर परत गुणायचं नाही, हे डबल होणं फार सहज घडतं. तसंच दोन शहरांमधलं सरळ अंतर आणि विमान प्रत्यक्ष उडतं ते अंतर यात फरक असतो, त्यासाठी ब्रिटिश फॅक्टरमध्ये ८ टक्के आधीच मिळवलेले आहेत, आपण वरून अजून मिळवायचे नाहीत.

दोन गोष्टी आकडा झटकन वाढवतात. एक म्हणजे सीटचा क्लास, लांबच्या फ्लाईटला बिझनेस क्लासची सीट इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट पडते कारण ती जागा तेवढी खाते. दुसरं म्हणजे मध्ये उतरून वळसा घालून जाणं, अंतरही वाढतं आणि प्रत्येक टेकऑफला इंधन जास्त जळतं.

रस्ता: रिकामी फेरी विसरू नका

एक लिटर डिझेल म्हणजे साधारण २.७ किलो सीओटू, पेट्रोल म्हणजे २.३ किलो. ते इंधन काढणं, शुद्ध करणं, वाहून आणणं यात अजून पाचवा ते चौथा हिस्सा भर पडते.

पण इथे खरी मेख वेगळी आहे. जीप पाहुण्यांना ट्रेकच्या सुरुवातीला सोडते आणि रिकामी परत जाते, मग आठवड्याने रिकामी येते आणि त्यांना घेऊन जाते. पाहुण्याला वाटतं आपण ३०० किलोमीटर गेलो आणि ३०० आलो, पण आपल्यामुळे गाडी १२०० किलोमीटर चालली. ड्रायव्हरला सांगा निघताना आणि काम संपवून घरी पोचल्यावर मीटरचा फोटो पाठव, आणि डिझेल किती भरलं ते लिही, बस, एवढ्यावर काम होतं. कुठल्याही वेबसाईटच्या सरासरीपेक्षा हा आकडा जास्त खरा असतो, घाटातली गाडी किती पिते ते सरासरीत येत नाही.

हेलिकॉप्टर असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहा. एका इंजिनचं हलकं हेलिकॉप्टर तासाला दीडशे-दोनशे लिटर इंधन घेतं, लिटरला अडीच किलो धरले तर तासाला पावणेचारशे ते पाचशे किलो झाले. नजारा बघायला म्हणून किंवा उतरायचा कंटाळा आला म्हणून हेलिकॉप्टर हा पर्याय मी कार्यक्रमात ठेवतच नाही. पण कोणाला उंचीचा त्रास झाला, पाय मोडला, तर एक क्षण विचार न करता बोलवायचं, नंतर शीटमध्ये लिहायचं आणि त्याबद्दल त्या माणसाला एका शब्दाने काही बोलायचं नाही.

कॅम्प: आकडा छोटा, पण मोजायला सगळ्यात सोपा

गॅसचा सिलिंडर निघताना काट्यावर टांगून वजन लिहा, परत आल्यावर पुन्हा टांगा, फरक गुणिले ३. एक किलो एलपीजी जळला की जवळपास ३ किलो सीओटू होतो. स्क्रू करायच्या छोट्या कॅनिस्टरमध्ये २३० ग्रॅम गॅस असतो, तो पूर्ण संपला तर ०.७ किलोच्या आसपास. रॉकेल असेल तर लिटरला अडीच किलो. मला हे वजन करणं आवडतं कारण कुक आणि पाहुणे दोघंही ते बघायला येतात आणि तिथून बोलणं सुरू होतं, झाकण ठेवून पाणी उकळलं तर किती वाचतं, आंघोळीच्या गरम पाण्याला किती जातं वगैरे.

लाकूड जाळत असाल तर मात्र "लाकूड काय, परत उगवतं" म्हणून शून्य लिहू नका. उंचावर झाडं फार हळू वाढतात, तोडलेलं परत यायला कितीतरी दशकं लागतात. एक किलो सुक्या लाकडात निम्मा कार्बन असतो, म्हणजे जळल्यावर १.८ किलोच्या आसपास सीओटू. शिवाय धुराची काजळी बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतो. शेकोटी नको, एवढंच याचं उत्तर.

खेचरांचं लोक हसण्यावारी नेतात पण त्याचाही आकडा आहे. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार एक खेचर वर्षाला साधारण १० किलो मिथेन सोडतं आणि घोडा १८ किलो. खेचराचे १० गुणिले २८ म्हणजे २८० किलो, भागिले ३६५, म्हणजे दिवसाला पाऊण किलो. तेच सामान वर न्यायला जीप लावली तर पाऊण किलो सीओटू दोन-तीन किलोमीटरमध्येच होतो. त्यामुळे जनावरं आहेत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या पाठीवर वजन जास्त होत नाही ना आणि त्यांना नीट चारा मिळतोय ना याकडे लक्ष द्या, ते कार्बनपेक्षा मोठं आहे.

जेवणात फरक पडतो. ब्रिटनमधल्या २०१४ च्या एका अभ्यासात भरपूर मांस खाणाऱ्यांचं रोजचं जेवण ७ किलो सीओटू-ईच्या पुढे गेलं, शाकाहारी लोकांचं ४ च्या आत आणि व्हीगन, म्हणजे दूधदुभतंही न खाणाऱ्या लोकांचं ३ च्या आत आलं. कॅम्पवर एकाच भांड्यात सगळ्यांचं शिजतं, त्यामुळे मेनू ठरवणारा एक माणूस पंधरा जणांचा आकडा बदलू शकतो. लोक घरी असते तरी जेवलेच असते हे बरोबर आहे, तरी मी पूर्ण धरतो, कारण मग मेनूची तुलना करता येते.

हॉटेलच्या रात्रीचा आकडा देशानुसार खूप बदलतो, एका खोलीला रात्रीचे दहाच्या आत ते शंभरच्या पुढे. साधं होमस्टे किंवा झोपडीवजा लॉज असेल तर विजेचं बिल आणि गरम पाणी कशावर होतं एवढं विचारून आपला अंदाज बांधता येतो.

आता सगळं एकत्र मांडू

समजा दहा पाहुणे आहेत, चार जणांचा स्थानिक स्टाफ, आठ दिवसांची ट्रिप. एका बाजूचं विमानाचं अंतर १५०० किलोमीटर, इकॉनॉमी. विमानतळापासून ट्रेकच्या सुरुवातीपर्यंत ३०० किलोमीटर, तीन जीप. दोन रात्री हॉटेल, एका खोलीत दोघं, बाकी तंबू. चार खेचरं.

विमान जाऊन-येऊन ३००० किलोमीटर, किलोमीटरला ०.११ किलो धरले तर ३३० किलो, गुणिले १.७ म्हणजे माणशी साधारण ५६० किलो. जीप प्रत्येकी १२०० किलोमीटर, लिटरला १० चं मायलेज, १२० लिटर डिझेल, ३२४ किलो, अशा तीन म्हणजे ९७२, दहा पाहुण्यांत वाटले तर माणशी ९७. हॉटेल खोलीला रात्रीचे २० धरले तर माणशी २०. जेवण दिवसाला ४ किलो, स्टाफचं धरून माणशी ४५. गॅस पूर्ण ट्रिपला १५ किलो, म्हणजे ४५ किलो सीओटू, माणशी साडेचार. खेचरं सात दिवस, सगळी मिळून २१-२२ किलो, माणशी २.

बेरीज साधारण ७३० किलो. त्यात विमान पाऊणहून जास्त, जीप तेरा टक्के, आणि हॉटेल, जेवण, गॅस, खेचरं सगळं मिळून दहा टक्के. तरी ज्याच्यावर ग्रुपमध्ये तासभर चर्चा होते ते बहुतेक वेळा या शेवटच्या दहा टक्क्यांतलंच असतं.

इंधन तयार करण्यातलं उत्सर्जन मी वर धरलेलं नाही, काही गोष्टी सुटतातही, म्हणून शेवटी २० टक्के जादा धरतो. ८७६ किलो झाले. अंदाज चुकला तर जास्तीच्या बाजूला चुकू दे.

आकडा हातात आल्यावर ट्रिप बदला

ही खरी मजा, आणि याचसाठी हे सगळं आधी करायचं. त्याच शीटची कॉपी करा आणि पर्याय टाकून बघा.

विमानाऐवजी रेल्वे शक्य असेल तर? रेल्वेने अंतर थोडं जास्त पडेल, समजा जाऊन-येऊन ३४०० किलोमीटर, आणि किलोमीटरला ०.०३५ किलो धरले, तर ५६० च्या जागी १२० येतात. तीन जीपच्या जागी पंधरा सीटची एक मिनीबस, लिटरला ६ चं मायलेज, तरी २०० लिटर म्हणजे ५४० किलो, माणशी ५४. एवढे दोनच बदल केले आणि कॅम्पमध्ये काहीच बदललं नाही तरी ७३० चे २४५ होतात. म्हणजे एक तृतीयांश. जगातला कुठलाही ऑफसेट हे इतक्या खात्रीने करत नाही.

मिनीबस रिकामी परत जाऊ नये म्हणून आधीचा ग्रुप उतरतो त्याच दिवशी पुढचा ग्रुप वर जाईल अशा तारखा लावा, ५४ चे अजून निम्मे होतात. याला फक्त कॅलेंडर घेऊन बसावं लागतं.

रेल्वे शक्य नसेल, समुद्र आडवा येत असेल, तर दिवस वाढवा. हे नीट समजून घ्या कारण इथे फसवणूकही होते. आठ दिवसांच्या ट्रिपचे सोळा दिवस केले तर "प्रति दिवस" आकडा जवळजवळ निम्मा होतो आणि तो जाहिरातीत छान दिसतो, पण एकूण आकडा कमी झालेला नसतो, उलट थोडा वाढलेला असतो, वरच्या उदाहरणात ७३० चे ८०० होतात. खरा फायदा कधी, जर तो माणूस वर्षात दोन छोट्या ट्रिपऐवजी एक मोठी करणार असेल, म्हणजे १४६० च्या जागी ८००. म्हणून मी पाहुण्यांना दोन्ही आकडे देतो, एकूण आणि दर दिवसाचा, आणि कुठला कशासाठी बघायचा तेही सांगतो.

बाकी छोटे बदल, मेनू, सोलर चार्जर, जनरेटर बंद, ते करा जरूर. पण वरचं झाल्यावर.

उरलेल्याचं ऑफसेट

कमी करता येईल तेवढं केलं, आता जे उरलं त्याचं काय. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन सीओटू-ई कुठेतरी दुसरीकडे टाळला गेला किंवा हवेतून काढला गेला असा दावा. दावा हा शब्द मुद्दाम वापरतोय. आपण सोडलेला सीओटू हवेत शेकडो ते हजारो वर्षं परिणाम करत राहतो, तो क्रेडिट घेतल्याने पुसला जात नाही. तरी पैसे योग्य जागी गेले तर चांगलं काम होतं, म्हणून निवडताना कष्ट घ्यायचे.

जंगल वाचवण्याचे प्रकल्प ऐकायला सगळ्यात छान वाटतात आणि त्यातच सगळ्यात जास्त प्रश्न निघालेत. "आम्ही नसतो तर एवढं जंगल तोडलं गेलं असतं" हा अंदाजच फुगवलेला असला तर क्रेडिट कागदावरच राहतं. २०२३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये सहा देशांमधल्या २६ अशा प्रकल्पांचा अभ्यास आला, त्यात बहुतेकांमुळे जंगलतोड लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं नाही. सुधारित चुलींच्या प्रकल्पांमध्ये धूर कमी होतो हा मोठाच फायदा आहे, पण चूल रोज किती वापरली जाते हे फुगवून धरलं की क्रेडिटही फुगतात. सौर-पवन ऊर्जेचे जुने क्रेडिट स्वस्तात मिळतात, पण त्यातले बरेच प्रकल्प क्रेडिटच्या पैशाशिवायही उभे राहिलेच असते, आणि म्हणूनच क्रेडिटची गुणवत्ता ठरवणाऱ्या आयसीव्हीसीएम या संस्थेने २०२४ मध्ये सध्याच्या अक्षय ऊर्जेच्या पद्धतींना आपला शिक्का द्यायला नकार दिला. त्याच वर्षी कचऱ्याच्या डेपोतला मिथेन पकडण्याच्या पद्धतींना मात्र त्यांनी मान्यता दिली.

दुसऱ्या बाजूला हवेतून प्रत्यक्ष कार्बन काढणारे आहेत. बायोचार, म्हणजे शेतीचा वगैरे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला कोळसा जो मातीत बराच काळ टिकतो. किंवा आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स या कंपनीने २०२१ पासून चालवलेलं ओर्का हे यंत्र, जे हवेतून सीओटू खेचतं आणि पुढे तो पाण्यात मिसळून जमिनीखाली बसॉल्ट खडकात मुरवला जातो, तिथे त्याचा दगड होतो. हे टिकाऊ आहे पण कितीतरी पट महाग आहे आणि प्रमाण अजून छोटं आहे. माझं मत विचाराल तर स्वस्तातले नऊ संशयास्पद क्रेडिट घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन-तीन भक्कम घ्यावेत आणि तेवढेच घेतले असं सांगावं.

विक्रेत्याला हे विचारायचं, फोनवर नाही, लेखी:

- हा प्रकल्प कुठल्या रजिस्ट्रीत, म्हणजे क्रेडिटच्या नोंदवहीत आहे, गोल्ड स्टँडर्ड, व्हेराची व्हीसीएस की आणखी कुठली, आणि त्याचा आयडी काय
- क्रेडिटच्या पैशाशिवाय हे काम झालं असतं का, आणि नसतं हे कशावरून म्हणता
- कपात कुठल्या वर्षी झाली, दहा वर्षांपूर्वीचे क्रेडिट तर देत नाही ना
- जंगल जळलं किंवा तोडलं गेलं तर भरपाई कशातून
- तिथे राहणाऱ्या लोकांना विचारलं होतं का, पैशातला वाटा त्यांना किती
- क्रेडिट आमच्या नावाने रिटायर, म्हणजे परत विकता येणार नाही असं कायमचं बाद, करून सिरियल नंबर देणार का

शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. क्रेडिट विकत घेतलं म्हणजे काम झालं असं नाही, ते रजिस्ट्रीत रिटायर व्हायला हवं, नाहीतर तेच पुढे दुसऱ्याला विकलं जाऊ शकतं. रिटायर झाल्याची नोंद रजिस्ट्रीच्या साईटवर कोणालाही उघडून बघता येते, ट्रिपचं नाव आणि तारीख त्यात टाकायला सांगा. वरच्या विमानाच्या उदाहरणात ८७६ गुणिले १० म्हणजे पावणेनऊ टन, तर नऊ क्रेडिट. छोट्या ग्रुपचे दीड-दोन टन होत असतील तर सीझनच्या सगळ्या ट्रिप एकत्र करून घ्या.

ट्रेकच्या वाटेवर पाहुण्यांच्या हातून रोपं लावून घेतात, आणि ते जरूर करा, तिथली माती धरून ठेवायला, पक्ष्यांना, गावाला त्याचा उपयोग आहे, फक्त स्थानिक जातीचीच लावा आणि पाणी घालायला नंतर कोण आहे ते आधी ठरवा. पण ती रोपं शीटमध्ये वजा करू नका. रोप पहिली काही वर्षं अगदी थोडा कार्बन घेतं, त्यातली किती जगतील माहीत नसतं, आणि विमानाचा सीओटू मात्र आजच हवेत गेलेला असतो.

पाहुण्यांना काय सांगायचं

"कार्बन न्यूट्रल ट्रेक" असं लिहू नका. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या ग्राहक निर्देशानुसार फक्त ऑफसेटच्या जोरावर एखादं उत्पादन न्यूट्रल आहे असा दावा ग्राहकांपुढे करायला बंदी आहे, तो नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतोय, आणि तुमच्याकडे युरोपातले पाहुणे येत असतील तर हे तुमच्यापर्यंत येऊ शकतं. पण कायदा नसता तरी ते वाक्य खोटंच आहे.

त्याऐवजी सरळ लिहा: या ट्रिपचा अंदाजे फूटप्रिंट माणशी इतका, घरापासून घरापर्यंत, त्यात विमान इतकं, रस्ता इतका, कॅम्प इतका. मागच्या सीझनपेक्षा हे हे बदललं. उरलेल्यासाठी या प्रकल्पाचे इतके क्रेडिट रिटायर केले, ही लिंक. बुकिंगच्या पानावर रेल्वेचा पर्याय विमानाच्या वर ठेवा, गाडीच्या वेळा त्यातच द्या, आणि रेल्वेने येणाऱ्याचा एक दिवस जास्त जातो म्हणून पहिल्या रात्रीचा मुक्काम त्याच्यासाठी तुमच्याकडून द्या. लोकांची इच्छा असते, फक्त तिकीट शोधायचा वैताग नको असतो, तो आपण कमी करायचा.

क्रेडिटचे पैसे ट्रिपच्या किमतीतच धरा. बुकिंगच्या शेवटी चौकोनात टिक करायला ठेवलं की फार थोडे जण करतात, आणि मग ज्याने टिक केलं त्याला आपण एकटेच भरतोय असं वाटतं.

ट्रिप संपल्यावर पंधरा दिवसांत

मीटरचे फोटो, डिझेलच्या पावत्या, सिलिंडरच्या वजनाची नोंद, हॉटेलची बिलं, कोण कशाने आलं याची यादी, हे सगळं एका फोल्डरमध्ये टाका आणि अंदाजाच्या शेजारच्या रकान्यात खरे आकडे भरा. पाहुण्यांनी येताना मार्ग बदललेला असतो, कोणी एक स्टॉप जास्त घेतलेला असतो, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून फीडबॅक फॉर्ममध्ये तो एक प्रश्न घाला. क्रेडिट या खऱ्या आकड्यावर रिटायर करायचे, अंदाजावर नाही. आणि अंदाज आणि खरा आकडा यात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला असेल तर कुठली ओळ चुकली ते पुढच्या ग्रुपच्या तारखा जाहीर करण्याआधी शोधा, बहुतेक वेळा ती जीपचीच ओळ निघते.